पेन आधी मिळाला

आमच्या रायपूरजवळच्या बीरगांवच्या विहारात एक पद्धत आहे. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, कुणीही कुठल्याही शिक्षणाला प्रवेश घेतला, की रविवारच्या वंदनेनंतर त्याला समोर बोलावतात आणि सगळ्यांच्या देखत एक पेन देतात. पहिलीत जाणारं पोर असो की नोकरी सांभाळून पुढे शिकणारा बाप्या असो, पेन सगळ्यांना सारखाच. हार नाही, नारळ नाही, भाषण तर नाहीच. या पेनांचा डबा माझ्या सासूकडे असतो. ती चौथी शिकलेली आहे, पण तो डबा मांडीवर घेऊन बसली की कुलगुरूच वाटते. हे मी तिच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

मला हा पेन मिळाला तेव्हा मी प्रवेश घेतलेलाच नव्हता.

त्या रविवारी वंदना संपली होती आणि मी मागच्या बाजूला सतरंजी झटकत होते. माइकवरून सासूचा आवाज आला, "आता माझ्या सुनेले समोर बोलवून राहिली मी. लायब्ररीची डिग्री करून राहिली ती." टाळ्या पडल्या. धुळीने भरलेल्या हातांनी मी तशीच पुढे गेले, पेन घेतला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "आई, अजून अर्जसुद्धा भरला नाही मी."

चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता ती म्हणाली, "मंग भरजो. आता सीधी उभी राह्य, फोटो काढून राहिले."

त्या फोटोत मी रागावलेली आहे. पाहणाऱ्यांना वाटतं, आनंदाने गहिवरले.

मी शंकर नगरातल्या एका खाजगी शाळेत ग्रंथालय सहायक आहे. सहायक म्हणजे काम सगळं, पद मात्र दुसऱ्याचं. पुस्तकं दाखल करणं, शिक्के मारणं, फाटक्या पुठ्ठ्यांना पट्ट्या लावणं, सहावीच्या पोरांकडून हरवलेली पुस्तकं उकरून काढणं, हे मी कित्येक वर्षं करते आहे. आमच्या ग्रंथपाल मॅडम निवृत्त होणार असं ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. बाई बोलायला तुटक, पण मनाने सरळ. त्या म्हणाल्या, "बी.लिब. कर लीजिए. मान्यता वाली होनी चाहिए. मैडम के जाने तक डिग्री आ गई तो पोस्ट आपकी. नहीं आई तो मुझे बाहर से किसी को लेना पड़ेगा."

म्हणजे संधी एकदाच होती. कोर्स एक वर्षाचा, आणि मॅडम जायलाही साधारण तेवढाच वेळ. त्या वर्षात मी भलत्या ठिकाणी नाव घातलं असतं तर वर्षही गेलं असतं आणि खुर्चीही. मग उद्या कुणीतरी कालची पोरगी येऊन मला शिक्का कुठे मारायचा ते शिकवणार, आणि मी मान डोलावणार. माझा स्वभाव पाहता ते फार दिवस चाललं नसतं.

नोकरी सोडून कॉलेजात जाऊन बसणं शक्य नव्हतं. नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर, मुलं शाळेत, सासू विहारात. दूरशिक्षण हाच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर आमचे मामा बसलेले होते.

मामा म्हणजे माझ्या सासूच्या माहेरगावचे. गावचे म्हणून तिचे भाऊ, तिचे भाऊ म्हणून आमचे मामा. आमच्या समाजात त्यांचं नाव घेताना लोक आवाज जरा खाली आणतात. नोकरीत असताना कामावरून आल्यावर ते विहाराच्या मागच्या खोलीत पोरांना फुकट शिकवायचे. आज पाऱ्यात जे कुणी बँकेत, रेल्वेत, सरकारी ऑफिसात आहेत, त्यातले बरेचसे त्या खोलीतून गेलेले आहेत. माझ्या नवऱ्याला गणित त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुरानी बस्तीत एका पहिल्या मजल्यावर दूरशिक्षणाचं केंद्र उघडलं. एवढं झाल्यावर समाजातल्या कुणाला दूरशिक्षण घ्यायचं असेल तर तो आणखी कुठे जाणार? कोणतं विद्यापीठ, कसली मान्यता, हे कुणी विचारत नव्हतं. आमच्याकडे एकच प्रश्न विचारला जायचा, "आपला माणूस आहे ना?" आणि मामांपेक्षा आपला आणखी कोण असणार.

मी गेले. अरुंद जिना, वर एक खोली, भिंतीवर लांबच्या कुठल्याशा राज्यातल्या विद्यापीठाच्या भव्य इमारतीचा फोटो. मामांनी प्रेमाने बसवलं, पंखा माझ्याकडे फिरवला.

"सूनबाई, तुले काहीच करायचं नाही. फक्त सही कर. क्लास नाही, प्रॅक्टिकल नाही, कुठं जायचं नाही. परीक्षा इथंच, याच खोलीत होते."

बाकी कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला आधी पुस्तकं पाहायची होती. ही माझ्या कामाची सवय आहे. कुठलंही पुस्तक दाखल करण्याआधी मी मुखपृष्ठ उलटून पहिल्या पानाची मागची बाजू बघते. कुणी छापलं, कुठे छापलं, कोणती आवृत्ती. ज्या गाइडावर हे काहीच नसतं ते मी टेबलाच्या कडेला सारते, मग आणणारा कितीही ओळखीचा असो.

"मामा, पुस्तकं कोणती असतात या कोर्सला?"

"येतील ना."

"मागच्या वर्षीच्या कुणाची असतील की. एखादं दाखवा, चाळून पाहते."

"पुस्तकं नाही पाठवत आता ते. पीडीएफ असते."

"मग पीडीएफ दाखवा."

मामांनी मोबाईल हातात घेतला. वर केला, खाली केला. मग चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की नेट कमी येऊन राहिलं. मला माझंच विचारणं विचित्र वाटायला लागलं होतं, पण जीभ काही थांबेना. ग्रंथालयाची पदवी आणि दाखवायला एक पुस्तक नाही! स्वयंपाकाच्या वर्गात चूल नसावी तसंच हे. अर्जाला लावायचे फोटो आणायचे राहिले असं सांगून मी उठले. सही केली नाही.

घरी येऊन हे बोलले, तर सासू उसळली.

"त्यायच्यावर शक करून राहिली तू? ज्यायनं तुझ्या नवऱ्याले शिकवलं?"

"शक नाही करत, आई. पुस्तक मागितलं फक्त."

"काहून मागितलं? आपल्या माणसाले कोणी सबूत मागते काय? अन् पेन घेऊन बसली तू! सगळ्या पाऱ्यासमोर घेतला पेन!"

"मी घेतला नाही, तुम्ही दिला."

यावर ती भांड्यांशी बोलायला लागली. नवरा जेवत होता. त्याने दोघींकडे पाहिलं आणि "हव" म्हणून होकार भरला. कोणाला म्हटलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण नंतर हात धुताना हळूच म्हणाला, "पूछने में क्या जाता है? पूछ ले." तेवढा आधार मला पुरला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या संगणकावर बसले. विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या आयोगाच्या संकेतस्थळावर दूरशिक्षणाचा वेगळा भाग असतो. कोणत्या विद्यापीठाला कोणते कोर्स दूरशिक्षणाने शिकवायची परवानगी आहे, कोणत्या सत्रापासून, ते तिथे कुणालाही पाहता येतं. मामांचं विद्यापीठ खरं होतं. ती भव्य इमारतही खरी असावी. पण दूरशिक्षणाच्या भागात त्याचं नावच नव्हतं. मी स्पेलिंग बदलून पाहिलं, राज्य निवडून पाहिलं. नाहीच.

मग विद्यापीठाला फोन केला. माहितीपत्रकावरच्या नंबरवर नाही, तिथे उचलणारा मामांच्याच साखळीतला असणार हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मैडम, हमारे यहाँ डिस्टेंस है ही नहीं. रायपुर में हमारा कोई सेंटर नहीं है. आपने पैसा तो नहीं दिया ना?"

"नहीं दिया," मी म्हणाले, आणि तिथेच लहान मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले. जीव भांड्यात पडला. खरंच इतकं हलकं वाटलं की समोर रांगेत उभ्या असलेल्या चौथीच्या पोरीला मी दोन पुस्तकं जास्त दिली.

ते हलकेपण शाळा सुटेपर्यंत टिकलं. स्कूटीला किल्ली लावली आणि राग चढला. ज्यांनी सही केली त्यांचं काय? मी बीरगांवला न जाता पुरानी बस्तीकडे वळले. रस्ताभर मामांना सुनवायची वाक्यं जुळवत होते. चांगली जमली होती. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, हे त्यातलं सौम्य वाक्य होतं.

जिना चढून वर गेले तर मामा एकटे नव्हते. त्यांची धाकटी मुलगी कोपऱ्यात बसून काहीतरी लिहीत होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, आमच्याकडच्या तिच्या वयाच्या सगळ्यांसारखी. "भाभी, बैठो ना," म्हणाली. तिच्यासमोर कसं बोलावं म्हणून मी थांबले, पण माझं तोंड पाहून मामांनी विचारलंच, "काय झालं?"

मी सांगितलं. संकेतस्थळ, फोन, सगळं. जमवलेली वाक्यं मात्र कुठे गेली कोण जाणे.

"दाखव," मामा म्हणाले.

मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने नाव टाकलं. पुन्हा टाकलं. मग माझ्यासमोरच विद्यापीठाला फोन लावला, तोच कंटाळलेला आवाज, तेच उत्तर. फोन ठेवून ते भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिले. मग मुलीकडे. ती लिहायची थांबली होती.

"पापा," ती म्हणाली, "मेरा तो फर्स्ट ईयर हो गया उसी में."

माझा सगळा राग त्या एका वाक्यात उतरला. मला वाटलं होतं, मामा जाणून बुजून लोकांना बनवताहेत. हा माणूस तर पोटच्या पोरीला त्याच गाडीत बसवून मोकळा झाला होता. हळूहळू कळलं ते असं. नागपूरकडच्या एका गृहस्थांनी त्यांना हे केंद्र दिलं. एका कार्यक्रमात दोघं मंचावर शेजारी बसले होते. त्या माणसाने समाजाबद्दल चांगलं भाषण केलं होतं. आपला माणूस. पीडीएफ येईल असं तो दर वेळी सांगायचा आणि मामा तेच पुढे सांगायचे. मामांनी त्याला काही विचारलं नाही, आम्ही मामांना काही विचारलं नाही.

"तू विचारलं ते बरं झालं, सूनबाई," मामा म्हणाले. "मले कोणीच नाही विचारलं. विचारलं असतं तर म्याही त्याले विचारलं असतं."

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त मोकळं वाटलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून ज्यांची थोरवी ऐकली, ते मामा खोटे निघाले नाहीत. फसले होते. फसलेल्या माणसासोबत बसून चहा घेता येतो. आम्ही घेतला. चहा त्या पोरीनेच आणला, आणि तिचे डोळे लाल होते.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मामांनी माइक मागून घेतला. सांगायचं ते सरळ सांगितलं. केंद्र बंद केलं आहे, ज्यांनी माझ्या भरवशावर नाव घातलं त्यांचं या डिग्रीवर काही होणार नाही, माझ्या पोट्टीचंही होणार नाही, ज्यांनी पैसे दिले त्यांना मी परत करीन, आणि त्या नागपूरवाल्याची तक्रार दिली आहे. "अन् हे आपल्या सूनबाईनं शोधून काढलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. मी पुन्हा एकदा सतरंजीजवळच उभी होते. कुणी रागावलं, कुणी रडलं, पण बहुतेकांनी नुकतीच नावं घातली होती, त्यांचं फारसं गेलं नव्हतं. एका मुलाच्या आईने येऊन माझा हात धरला. तिने पुढच्याच आठवड्यात त्याचं नाव घालायचं ठरवलं होतं.

घरी आल्यावर सासू काय म्हणते याची मी वाट पाहत होते. चुकलं वगैरे म्हणणारी ती नव्हे. तिने हात पुढे केला.

"तो पेन दे इकडे."

"काहून?" माझ्याही तोंडून तिचंच 'काहून' निघालं.

"ज्याचं शिक्षण सुरू नाही त्याले पेन नाही. पद्धत म्हणजे पद्धत."

तिने पेन डब्यात टाकला आणि झाकण लावलं. एवढं सगळं करून माझाच पेन जप्त! मला इतकं हसू आलं की नवरा आतून विचारायला आला.

त्यानंतर मी प्रवेश घेतला तो माझ्या पद्धतीने. दोन मुक्त विद्यापीठं मान्यतेच्या भागात सापडली, दोघांकडे बी.लिब. होतं. आता मान्यतेच्या पुढचा प्रश्न होता, कोर्सचा मला उपयोग किती. प्राचार्यांकडे गेले, विचारलं, यातलं कोणतं चालेल, आत्ताच सांगा. त्या म्हणाल्या, "दोनों चलेगा. पर जिसमें प्रैक्टिकल ढंग का हो, वो लो. मुझे काग़ज़ नहीं, लाइब्रेरियन चाहिए." मग मामांच्या मुलीला मागे बसवून एका रविवारी मी दोन्ही केंद्रं पाहून आले. एका केंद्राला कुलूप होतं आणि शेजारच्या पानठेल्यावाल्यालाही ते कधी उघडतं ते माहीत नव्हतं. दुसरं एका सरकारी कॉलेजात होतं. तिथून वर्ग सुटून लोक बाहेर पडत होते, त्यांच्या हातात वर्गीकरणाचे जाडजूड ग्रंथ होते, आणि दोघी जणी एका पुस्तकाला कोणता क्रमांक द्यायचा यावरून भांडत होत्या. मला तिथेच आत जाऊन बसावंसं वाटलं. आयोगाच्या पोर्टलवर दूरशिक्षणाला लागणारा ओळख क्रमांक स्वतः काढला, अर्ज स्वतः भरला, शुल्क थेट विद्यापीठाला. मामांच्या मुलीनेही तिथेच बी.कॉम.ला नव्याने नाव घातलं. तिचं एक वर्ष गेलं, ते काही परत येणार नाही. "एक ही गया, भाभी, तीन नहीं गए," असं तीच मला सांगते.

एक दिवस शाळेत सासूचा फोन आला. ती मला कामावर कधीच फोन करत नाही, म्हणून मी हातातला शिक्का ठेवून लगेच उचलला.

"तुझं पार्सल आलं. पोस्टमननं ओट्यावर ठेवलं. लय जड आहे."

"पुस्तकं असतील, आई."

"खोलू काय?"

"खोला."

मी घरी पोचले तेव्हा सगळी पुस्तकं ओट्यावर मांडलेली होती आणि सासू त्यातलं एक उलटं धरून पहिल्या पानाची मागची बाजू बघत होती. मी घरात इतक्या वेळा बडबडले असेन की ते तिच्या कानात बसलं असावं. "लिहिलेलं आहे बाप्पा सगळं," ती म्हणाली. "कुठं छापलं तेही आहे." त्या रविवारी मला तोच पेन पुन्हा मिळाला. या वेळी फोटोत मी खरंच हसते आहे.

आता माझा वर्ग रविवारीच असतो, त्यामुळे वंदना संपली की मी पिशवी घेऊन दाराशी तयार असते. मागच्या रविवारी अशीच उभी होते. पलीकडच्या गल्लीतली एक पोट्टी पेन घ्यायला समोर आली. सासूने डबा उघडला, पेन काढला, आणि हात मधेच थांबवला.

"कोणत्या कॉलेजात?"

"डिस्टेंस है, दादी."

"पुस्तकं आली?"

"पीडीएफ आएगा, बोले हैं."

सासूने पेन डब्यात परत ठेवला. पहिल्या रांगेत मामा बसले होते. आधी ते हसले, मग बाकीचे, मग ती पोट्टी पण.

"कागद मामाले जाऊन दाखव," सासू तिला म्हणाली, "अन् ते तुले फोन करायले लावतील तिकडं, तर करजो. पेन कुठं पळून नाही जात." मग मला दारात पाहून तिथूनच ओरडली, "तू काहून उभी आहे अजून? जाय, क्लास लागला असंल तुझा!"